पाहुणा परत गेल्यावर



‘शिकणारी शहरं आणि देशोदेशींचं सहकार्य’ हा आपल्या ग्रंथालयांच्या अधिवेशनाचा यंदाचा विषय ऐकायला नवा वाटतो. आपल्या माणसांनी मात्र तो शंभर वर्षांपूर्वीच हाती घेतला होता, म्हणून मी बडोद्यापासून सुरुवात करतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले, आणि त्यांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तेव्हा एक अडचण उभी राहिली. शाळा सुटल्यावर मुलानं वाचायचं काय? घरात पुस्तक नाही, गावात वाचनालय नाही. चार वर्षांत शिकलेलं अक्षर पुसलं जाणार. महाराजांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतलं.

बॉर्डन इथे जेमतेम तीन वर्षं होते. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग काढला. महाराजांनी स्वतःचा हजारो पुस्तकांचा संग्रह ग्रंथालयाला दिला. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी मॅजिक लँटर्नचे खेळ होत. गावाला वाचनालय हवं असेल तर एक वाटा गावानं उभा करायचा, मग तेवढाच प्रांताचा आणि तेवढाच संस्थानचा. मला या योजनेतला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे वाचनालय गावाचं झालं. चळवळीनं नियतकालिक काढलं, त्यात इंग्रजीच्या जोडीला गुजराती आणि मराठी विभाग होते.

१९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतले. एरवी अशा वेळी काम थंडावतं. इथे ते वाढलं, कारण माणसं तयार झालेली होती. जनार्दन सखाराम कुडाळकर हे आपले मराठी गृहस्थ पुढे संस्थानच्या ग्रंथालयांचे प्रमुख झाले. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर त्यांनी १९१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परदेशातून आणलेलं ज्ञान परदेशाला सांगण्याइतकं ते आपलं झालं होतं.

मित्रहो, गरज आपली, शिकवणारा कुठलाही, आणि पुढे काम चालवणारी माणसं पुन्हा आपली. देशोदेशींच्या सहकार्याची मला कळलेली रीत ही एवढीच आहे. यातली पहिली किंवा तिसरी गोष्ट सुटली, तर पैसा कितीही येवो, काम टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोनं हा मार्ग धरला. १९४९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा निघाला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये जुन्या दिल्लीत, रेल्वे स्टेशनजवळ, युनेस्कोचं पहिलं प्रायोगिक ग्रंथालय पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालं. तिथली पुस्तकं कुलपात नव्हती. वाचकानं मांडणीपाशी जावं, हातात घेऊन चाळावं आणि निवडावं. चर्चामंडळं भरत, नाटकं होत, नवसाक्षरांकडे वेगळं लक्ष असे. दिल्लीत काय साधलं आणि काय अडलं, ते इतरांनाही कळावं, हा प्रयोगाचा हेतू होता. १९५५ मध्ये आशियातले ग्रंथपाल त्यासाठी दिल्लीत एकत्र बसले. दुसरं असं ग्रंथालय १९५४ मध्ये कोलंबियातल्या मेडेयीन शहरात निघालं, तिसरं नायजेरियातल्या एनुगूमध्ये.

मेडेयीनपाशी थोडं थांबतो. अमली पदार्थांच्या टोळ्यांनी हे शहर एके काळी रक्तबंबाळ केलं होतं. त्यातून वर येताना शहरानं डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना आधी रोप-वेनं जोडलं आणि मग तिथे ग्रंथालयं बांधली. त्यांतलं एक, स्पेनच्या मदतीनं २००७ मध्ये उघडलेलं, काळ्या शिळांसारखं दिसणारं. त्याची छायाचित्रं जगभर गेली. पण काही वर्षांतच बांधकामाचे दोष उघडे पडले आणि ते दीर्घकाळ बंद ठेवावं लागलं. १९५४ चं जुनं ग्रंथालय मात्र चालूच आहे. युनेस्कोचा हात सुटूनही कैक वर्षं झाली. शहरानं ते आपलं मानलं आणि सांभाळलं.

आज युनेस्कोचं शिकणाऱ्या शहरांचं जाळं आहे. हॅम्बुर्गच्या संस्थेतून त्याचं काम चालतं. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात २००४ पासून दरवर्षी शिक्षणाचा उत्सव भरतो. ज्याला जे येतं ते त्यानं शहराला विनामूल्य दाखवावं, असा त्याचा रिवाज. २०२२ मध्ये भारतातली पहिली तीन शहरं या जाळ्यात गेली : त्रिशूर, निलंबूर आणि वरंगळ. महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला आहे, ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. तरीही नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

त्याहून अधिक वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. बॉर्डन आज आले तर ते शिकवतील कोणाला? आपल्या अनुदानित वाचनालयांतला ग्रंथपाल ज्या मानधनावर राबतो, त्यात त्याचं घर चालत नाही. चांगली मुलं दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतात. शासनानं आधी याकडे पाहावं, ही माझी या व्यासपीठावरून कळकळीची मागणी आहे. करार आणि शिष्टमंडळं नंतर.

हे झालं माणसांचं; आता गरजेचं. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात एक गॅरेजवाला आला, पन्नाशीचा. विजेवरच्या स्कूटरी दुरुस्त करायला शिकायचं होतं. “मराठीत काही आहे का?” असं त्यानं विचारलं. आमच्याकडे नव्हतं. कपाटं कादंबऱ्यांनी भरलेली होती आणि तो रिकाम्या हातानं गेला. असं पुस्तक जपानीत, जर्मनमध्ये असेल; ते मराठीत आणण्यासाठी दोन ग्रंथालयांनी हात मिळवले, तर त्या सहकार्याला अर्थ आहे.

म्हणून एक विनंती करतो. उद्या गावी परतल्यावर आपल्या देवघेवीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवा. कोण काय शिकायला आलं आणि आपण काय देऊ शकलो नाही, ते तारखेनिशी तीत लिहा. पुढच्या अधिवेशनाला येताना ती वही सोबत आणा. जगाकडे काय मागायचं, ते आपण त्या वह्या समोर ठेवून ठरवू.