राष्ट्रीय भौगोलिक माहिती प्रणाली : एकाच पायावर सारे थर

भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक नोंद जागेशी बांधलेली असते. रस्ते, विहिरी, शाळा, वनहद्द, पूररेषा यांचा प्रत्येकी एक थर, आणि हे सारे थर अक्षांश-रेखांशांच्या एकाच चौकटीवर बसवलेले. पूररेषेच्या आत किती घरे आणि कोणत्या शाळा येतात हे तहसीलदाराला मग लगेच कळते. चार खात्यांना पत्रे लिहून उत्तरांची वाट पाहावी लागत नाही. ही सोय साऱ्या देशासाठी, आणि सरकारी कचेऱ्यांइतकीच नागरिकांसाठीही उभी करणे, हा नागपूरच्या या परिषदेचा विषय आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच शहरात आहे, त्यामुळे हा विषय नागपूरला परका नाही.

देशात मोजणीची उणीव कधीच नव्हती. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणीची पद्धत बसवली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीभर लांबरुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आजही तोंडपाठ आहे. १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला आणि २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' हे नकाशांचे पोर्टल लोकांसमोर आले.

खरी अडचण आहे ती हे सारे एकमेकांशी जुळवण्याची. गावनकाशा काढला तो शिवेच्या दगडांपासून आणि बांधांपासून मोजून. त्यावर अक्षांश-रेखांश नव्हते. तो उपग्रहचित्रावर ठेवला की एका गावाची शीव शेजारच्या गावात घुसते, तर दुसरीकडे कोणत्याच गावाची नसलेली पट्टी उरते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर उपग्रहांची मोजणी डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक चौकटीवर चालते; रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले की तीच विहीर दोन ठिकाणी दिसते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे या जागतिक चौकटीवर आणले, हा मोठाच निर्णय होता.

नावांचा घोळ याहून कमी नाही. वडगाव आणि पिंपळगाव कित्येक तालुक्यांत आहेत. जनगणनेचा संकेतांक वेगळा, पंचायतराज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला वेगळा, महसुलाचा आणखी वेगळा. एका गावाला सर्व खात्यांत एकच क्रमांक मिळेपर्यंत आरोग्य केंद्राची नोंद आणि पाणीपुरवठ्याची नोंद एका जागी येणार नाहीत. हे काम दिसायला क्षुल्लक असले तरी उपग्रहाइतकेच मोलाचे आहे.

२००६ मध्ये राष्ट्रीय स्थानिक माहिती पायाभूत संरचनेला मंजुरी मिळाली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत नियोजन आयोगाने राष्ट्रीय भौगोलिक माहिती प्रणालीचा (जीआयएस) विचार केला. तरीही खात्यांनी आपापली स्वतंत्र पोर्टले उभारली. पोर्टले वाढली, पाया एक झाला नाही. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्यावरची परवान्यांची बंधने बरीच सैल केली, आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत शहरी व ग्रामीण भागांचे ५ ते १० सेंटिमीटर विभेदनाचे सर्वेक्षण हे उद्दिष्ट ठेवले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम संदर्भ केंद्रांमुळे रोव्हर हे उपग्रहाधारित मोजणीचे यंत्र घेतलेल्या भूकरमापकाला बांधावरच काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगता येते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत. सातबाऱ्याबाहेर राहिलेल्या घरांना त्यातून मालमत्ता पत्रक मिळते.

सारे थर एका पायावर असण्याची गरज किती जिवंत आहे, हे आंबेगाव तालुक्यातील माळीणने दाखवले. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून ते गाव गाडले गेले. उतार, माती, पाऊस आणि वस्ती या चारही गोष्टींची माहिती वेगवेगळी संकलित होते. ती एकाच नकाशावर असेल तरच धोक्यातली वस्ती पावसाळ्याआधी ओळखता येते.

म्हणून प्रत्येक थराला एक जबाबदार कार्यालय हवे, आणि तो शेवटी कधी अद्ययावत झाला ती तारीख नकाशावरच छापलेली हवी. संरक्षणाची माहिती आणि व्यक्तींचा खासगी तपशील वगळता बाकी सारे थर विनामूल्य, मराठीसह भारतीय भाषांत आणि साध्या मोबाइलवर उघडतील असे असावेत. गावातला रस्ता नकाशावर चुकला असेल तर ते सर्वांत आधी गावकऱ्याला कळते. त्याने दाखवलेली चूक तपासून ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याचे बंधन त्या थराच्या कार्यालयावर असावे.