श्वास मोजा, पूर्ण साठ सेकंद

पुढच्या रांगांत बसलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो,

रुग्णसेवेचं पायाभूत ज्ञान हा विषय एका संध्याकाळी मावणारा नाही. त्यातली एकच गोष्ट मी आज घेतली आहे, श्वासांची गती. कारण वॉर्डात सगळ्यांत जास्त हेळसांड या नोंदीची होते. बऱ्याच वॉर्डांतले टीपीआर चार्ट चाळून बघा. तापाचे आकडे वरखाली होतात, नाडीचे होतात. श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०, आणि शेजारच्या खाटेवरही २०. सगळा वॉर्ड एका गतीने श्वास घेत नसतो. तो आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो.

ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब मशीन सांगतं. श्वास बहुतेक वॉर्डांत अजून डोळ्यांनीच मोजावा लागतो आणि त्याला पूर्ण मिनिट लागतं. रात्रपाळीला भरलेला वॉर्ड एकट्या सिस्टरवर असताना ते मिनिट कुठून आणायचं, हा प्रश्न खरा आहे. तरीही मी ते मिनिट मागते आहे, कारण शरीर बिघडू लागलं की अनेकदा सगळ्यांत आधी श्वास बदलतो.

हे का घडतं ते नीट समजून घ्या. पेशींना प्राणवायू कमी पडला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा मधुमेही माणसाच्या रक्तात कीटोन साचले, की रक्तातलं आम्ल वाढतं. आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला लगेच मिळते. ते श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लागतं. रक्तदाब तेव्हा अजून चांगला दिसत असतो, कारण रक्तवाहिन्या आकसून आणि नाडी वाढवून शरीर तो सांभाळत असतं. बाळंतिणीचा रक्तस्राव आठवा. तरुण, निरोगी बाईचं बरंच रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि तिचा श्वास १८ वरून २६ वर गेलेला कुणी पाहिलेलाच नसतो.

प्रौढांचा श्वास विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या, आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या, धोक्याच्या गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून जास्त श्वासाला सर्वाधिक ३ गुण आहेत. ८ किंवा त्याहून कमी असला तरीही ३. बाकी सगळं ठीक असलं तरी एवढ्या एका आकड्यावर डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं.

कोविडनंतर ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला, पण तो श्वास मोजत नाही. मास्क लावलेल्या रुग्णाचं ऑक्सिजन ९८ दिसतं आणि तो मिनिटाला ३४ श्वास घेऊन दमत चाललेला असतो. किंवा मॉर्फिननंतर तो गाढ झोपलेला दिसतो, ऑक्सिजन ९८, श्वास फक्त ६. दोन्हीकडे यंत्राचा आकडा खरा आहे आणि दोन्ही रुग्ण संकटात आहेत.

प्रसूतिकक्षात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाठ करावी. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : श्वास मिनिटाला किमान १६, गुडघ्याचा झटका शाबूत, आणि लघवी ताशी किमान ३० मिली. औषध अंगात साचलं तर आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास थांबतो. कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी भरून ठेवायचं ते याचसाठी. इथे अंदाजाने लिहिलेला २० जीव घेऊ शकतो.

आता लहान मुलं. खोकला झालेल्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे स्टेथोस्कोपशिवायही ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त : जागतिक आरोग्य संघटनेने वेगवान श्वासाच्या या मर्यादा ठरवल्या आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम गावातल्या आरोग्यसेवकांच्या आणि सुईणींच्या हाती दिलं. मोठे आकडे न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. गडचिरोलीतल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. हस्तक्षेप झालेल्या गावांत मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. गावातल्या सुईणीने मिनिटभर बाळाच्या छातीकडे बघितलं आणि वेळेवर औषध मिळालं. मला या कामाबद्दल अतोनात आदर आहे. पदवीचं शिक्षण घेणाऱ्या तुम्हाला मग सबब उरत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. नाडी मोजून झाली की मनगटावरची बोटं काढू नका. रुग्णाला वाटू द्या की नाडीच चालली आहे, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो नकळत बदलतो. छाती एकदा वर गेली, खाली आली, की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. बाळाचं पोट बघा, आणि ते शांत असताना मोजा, रडताना किंवा दूध पिताना नाही. मोजता मोजता श्वास उथळ आहे का, मानेचे स्नायू ओढले जातात का, रुग्णाला एका दमात वाक्य पुरं करता येतं का, हेही दिसतं.

आणि फोनवर ‘पेशंटला धाप लागतेय, सर’ एवढंच सांगू नका. ‘चारला १८ होता, सहाला २८ आहे’ असं सांगा. वाढत गेलेला आकडा सांगितला की डॉक्टरांना लवकर उठावं लागतं.

शेवटी मागे बसलेल्या नागरिकांना एक विनंती. तुमचं माणूस ॲडमिट असेल आणि सिस्टर मनगट धरून गप्प उभी असेल, तर तिला बिल, जेवण, डिस्चार्ज काहीही विचारू नका. तिचं मिनिट पुरं होऊ द्या, मग खुशाल विचारा.