काम नाही, दाम नाही; मग सभागृहात का नाही?

(कॉटन ग्रीन येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



काम थांबले की दाम थांबतो, हे या परिसराला कोणी शिकवावे लागत नाही. १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर आला आणि त्याच्यासोबत 'कॉटन ग्रीन' हे नावही इकडे आले. पलीकडे लालबाग-परळच्या गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि थांबलेला पगार पुष्कळ घरांत पुन्हा कधी आलाच नाही.

पांढरपेशांनाही हाच न्याय लागला. २९ डिसेंबर १९७७ रोजी बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी चार तासांचा संप केला आणि बँकेने पूर्ण दिवसाचे वेतन कापले. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला होता. परंतु १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बँकेची कपात वैध ठरवली. आता प्रश्न असा की, चार तासांच्या कामबंदीला हा न्याय असेल, तर आठवडेच्या आठवडे ठप्प होणाऱ्या सभागृहाला कोणता?

अमेरिकेतील उदाहरण पाहू. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस तेथील संघीय सरकारचा कारभार निधीअभावी ठप्प होता. लक्षावधी कर्मचारी बिनपगारी राहिले. मात्र ज्यांच्या मतभेदांमुळे निधी अडला, त्या लोकप्रतिनिधींचे वेतन चालू राहिले, कारण ते वार्षिक खर्चमंजुरीवर अवलंबून नाही. स्वतः होऊन वेतन नाकारणारे काही निघाले. बंधन कोणावरच नव्हते.

आपल्याकडे असे घडत नाही. घटनेच्या अनुच्छेद ११६ नुसार लेखानुदान संमत करून खर्च भागवता येतो, आणि लोकसभेने निधी नाकारला तर सरकारलाच पायउतार व्हावे लागते. आपल्याकडे सरकार बंद पडत नाही, सभागृह बंद पडते!

२०१८ चे अर्थसंकल्पीय अधिवेशन आठवून पाहा. उत्तरार्धात गोंधळ रोजचाच झाला. १४ मार्च रोजी लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना संमत केले. त्याच विधेयकात खासदारांचे मासिक वेतन ५०,००० वरून एक लाख रुपये करण्याची आणि पुढे दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकानुसार वाढवण्याची तरतूद होती. देशाच्या खर्चावर बोलायला वेळ मिळाला नाही, स्वतःच्या वेतनवाढीला मात्र गोंधळाची बाधा झाली नाही. पुढे एप्रिलमध्ये सत्ताधारी आघाडीने आपल्या खासदारांचे २३ दिवसांचे वेतन-भत्ते सोडण्याची घोषणा केली. घोषणा स्वागतार्हच होती. परंतु ती ऐच्छिक होती, नियम नव्हता.

येथे पक्षभेद करून चालणार नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन टूजी प्रकरणी संयुक्त समितीच्या मागणीवरून जवळजवळ पूर्ण वाया गेले. तेव्हाचे विरोधक २०१८ मध्ये सत्तेत होते. बाके बदलली की भूमिकाही बदलते. आपली विधानसभाही अपवाद नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत झाले, आणि त्या वेळी सर्व बाजूंचे कसे एकमत होते!

कपातीविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. सरकार चर्चा टाळू लागले, तर सभागृह रोखणे हे विरोधकांचे शेवटचे शस्त्र असते. वेतन कापल्यास श्रीमंत सदस्याचे काही बिघडणार नाही, साधा सदस्य मात्र दबेल. शिवाय शांतपणे प्रश्न घेऊन बसलेल्या सदस्यालाही तीच शिक्षा. हे मान्य करावे लागेल. म्हणून शिक्षेपेक्षा नियमाकडे वळणे बरे.

ते नियम तीन असावेत. पहिला, दैनिक भत्त्याचा. त्यासाठी हजेरीची नोंद पुरते. तो सभागृह प्रत्यक्ष किती तास चालले, याच्याशी जोडावा. दुसरा, कोणतीही वेतनवाढ पुढील निवडणुकीनंतरच लागू व्हावी. अमेरिकेत हा प्रस्ताव १७८९ साली मांडला गेला आणि १९९२ साली घटनेत आला. दोनशे वर्षे लागली, पण आला. तिसरा, वेतन ठरवण्याचे काम सदस्यांकडून काढून स्वतंत्र संस्थेकडे द्यावे. खासदारांच्या खर्चाचा घोटाळा उघड झाल्यावर ब्रिटनने २००९ च्या कायद्याने हा मार्ग धरला.

हे अशक्य नाही. कोरोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, खासदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात झाली, आणि महाराष्ट्राच्या आमदारांच्याही. म्हणजे मनात आले की कायदा होतो. १९५४ साली खासदाराचे मासिक वेतन ४०० रुपये होते, एप्रिल २०२३ पासून ते १,२४,००० रुपये आहे. लोकप्रतिनिधीला पुरेसे वेतन मिळू नये, असे कोणी म्हणत नाही. अपुऱ्या वेतनातून भ्रष्टाचाराचीच वाट निघते. आपला आग्रह एवढाच की, त्या वेतनामागे काम दिसावे.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार आपल्या दारी येतील. रस्ता, पाणी, पुनर्विकास यांविषयी आपण विचारूच. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा : सभागृह बंद पडले, त्या दिवसांचा भत्ता आपण घेतलात का? हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, की नियम करण्याची घाई त्यांनाच होईल.