‘नको’ म्हणणारा दुसरा हवा
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दारू हराम आहे, हे आपल्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तरीही काही मुले पितात. येथे ज्ञानाची उणीव नाही. चारचौघांत एकटे पडण्याच्या धैर्याची आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. रेषांची लांबी ओळखायची, इतकेच काम. परंतु आधी पढवून ठेवलेले सोबती एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागताच सुमारे तीन-चतुर्थांश तरुणांनी निदान एकदा तरी त्यांची री ओढली. मात्र सोबत्यांपैकी एकजण जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण एकदम घटले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून बोध घ्या. सहलीला किंवा मित्राच्या पार्टीला जाण्यापूर्वीच आपल्या विचाराचा एक सोबती ठरवून ठेवा. “मी घेत नाही,” एवढे पुरे. कारणे सांगत बसू नका. कारणांवर वाद घालता येतो. पिणे म्हणजे मोठे होणे, असे कोणी म्हणालाच तर त्याला सांगा की, महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे.

पालकहो, आता आपल्याविषयी. पवित्र कुरआनातही दारूबंदीचा हुकूम एका दमात आला नाही. सूरह बकरा, सूरह निसा आणि अखेर सूरह माइदा, अशा टप्प्यांनी समाजाचे मन तयार झाले. मग एका दमदाटीत मूल कसे घडेल?

समजा, मुलाचे पाऊल घसरले आणि तो रात्री कोठे अडकला. “अब्बांना कळले तर खैर नाही,” ही भीतीच त्याला प्यालेल्या मित्राच्या मोटारसायकलवर बसवते. म्हणून आजच त्याला सांगा, “बेटा, कितीही वाजू देत, फोन कर. मी न्यायला येतो. बोलणे सकाळी होईल.” एवढ्याने हराम हलाल होत नाही, मूल मात्र सुखरूप घरी पोहोचते. सकाळी जे बोलायचे ते अवश्य बोला, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नको.

अल्लाह आपल्या मुलांना हिंमत देवो आणि आपल्याला सबुरी. आमीन. जय हिंद!