आपला शब्द आपण निवडावा
(गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचा विषय छोटा आहे, पण रोज आपल्या हातातल्या मोबाइलमधला आहे. धार आणि देवासची आपली मराठी घरे पवारांच्या काळापासून इथे नांदत आहेत. देवासात थोरली पाती, धाकटी पाती असे राज्याचे दोन वाटे होते, तरी बारशाची आणि दुखवट्याची बातमी दोन्हीकडे माणसाच्या तोंडून पोहोचत असे. आज ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. सकाळी सुप्रभात, मग चतुर्थीच्या शुभेच्छा, मग फॉरवर्ड केलेले व्हिडिओ. त्यातच कुणीतरी लिहिते, "ओ निगेटिव्ह रक्त हवे, आजच." शंभर शुभेच्छांखाली हा निरोप दबला, तर दोष कुणालाच देता येत नाही. पण रक्तही वेळेवर मिळत नाही.

यावर संगणकवाल्यांनी फार पूर्वीच उपाय काढला. १९८८ साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही लेखी गप्पांची पद्धत तयार केली. पुढे तिच्या प्रोग्रामांमध्ये अशी सोय आली की वाचणाऱ्याने आपले मोजके शब्द आधी सांगून ठेवायचे. कुणीही त्यातला शब्द लिहिला की ती ओळ वेगळ्या रंगात उठून दिसते. आज अनेक कंपन्यांत चालणाऱ्या स्लॅकमध्येही शब्दांची अशी यादी देता येते. आपल्या व्हॉट्सॲपमध्ये मात्र शब्द स्वतः शोधावा लागतो.

यात महत्त्वाचे काय, तर निवड वाचणाऱ्याची असते. ठळक अक्षरे आणि उद्गारचिन्हे लिहिणारा घालतो, आणि प्रत्येकाला आपलाच निरोप तातडीचा वाटतो. आम्ही सरकारी दफ्तरातली माणसे. दहापैकी नऊ नस्तींवर "तत्काळ" लिहिलेले असले की खरी तातडीची कोणती, हे शेवटी हाताळणाऱ्यालाच ठरवावे लागते. म्हणून शब्दही थोडेच निवडावेत. सगळेच रंगले तर काहीच दिसत नाही.

आता आपल्या मराठीची गंमत पाहा. समजा, आपण "धार" हा शब्द निवडला. यंत्राला "पूर्ण शब्दच पकड" असे सांगितले, तर धारला, धारहून, धारमधल्या हे सगळे सुटतात. "शब्दाचा तुकडाही चालेल" म्हटले, तर आधार कार्ड, उधारी आणि सुधारणा हेसुद्धा रंगून बसतात. "पाणी" निवडले, तर "पाण्याचा टँकर कधी येणार?" हा निरोप हातून जातो. आणि "देवास" निवडले, तर "देवास नैवेद्य दाखवला" हेही उजळते! यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. गाव की बाप्पा, हे आपल्यालाच कळते. शिवाय आपल्यापैकी निम्मे लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात, आणि बोलता बोलता पाणीचे पानीही होते. तेव्हा यंत्राने तरी काय करावे?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाने चार-पाच शब्द ठरवावेत: रक्त, निधन, बैठक, वर्गणी, मदत. दुसरी, असा निरोप लिहिताना तो शब्द देवनागरीत, प्रत्यय न लावता, अगदी सुरुवातीला लिहावा. "रक्त: ओ निगेटिव्ह, आज दुपारपर्यंत," असा. मग व्हॉट्सॲपवर शोधणाऱ्यालाही तो लगेच सापडेल. तिसरी, घरातल्या मुलांनी आजी-आजोबांना हे शोधणे एकदा शेजारी बसून शिकवावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत बसत नाही. आपल्या ग्रुपवर काही ज्येष्ठ मंडळी रोज फक्त सुप्रभात पाठवतात. आपण ते न वाचताच पुढे सरकवतो. पण एखाद्या सकाळी ते आलेच नाही, तर? न आलेल्या निरोपाला यंत्र कसा रंग देणार? मुले पुण्या-बंगळुरूला आणि घरात एकटी आई, अशी घरे आता आपल्या गल्ल्यांतही वाढली आहेत. तेव्हा शब्दांबरोबर प्रत्येकाने दोन नावेही मनाशी ठरवून ठेवावीत. त्यांचा निरोप दहा वाजेपर्यंत दिसला नाही, तर फोन करावा. गल्लीतच घर असेल, तर पायी जाऊन यावे.



गणपती बाप्पा मोरया!