'एंटरटेनमेंट!' : करमणूक कुणाची?

(कळंब येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी गाणी डिक्शनरी उघडून ऐकतो. आज एका गोऱ्या बँडवर बोलणार आहे. आठ्या घालू नका, आधी ऐका.

गँग ऑफ फोर. इंग्लंडातल्या लीड्स शहरातली चार पोरं. १९७९ साली त्यांची 'एंटरटेनमेंट!' ही रेकॉर्ड आली. आधीच्या पंकवाल्यांनी बोंब ठोकली होती. ह्यांनी त्या रागाला हिशोब शिकवला.

कव्हरच बघा. अमेरिकेतला आदिवासी आणि काउबॉय हात मिळवतायत. आदिवासी हसतोय, कारण समोरचा त्याला दोस्त वाटतो. काउबॉय हसतोय, कारण सावज फसलं. मुकादम खांद्यावर हात टाकतो तेव्हा मला हे कव्हर आठवतं.

आत अँडी गिलची गिटार. गोडवा नाही, नुसते घाव. 'फाइव्ह फॉर्टी-फाइव्ह'मध्ये माणूस जेवता जेवता टीव्हीवर गनिमी लढाईचं रक्त बघतो. 'अँथ्रॅक्स'मध्ये दोन आवाज एकदम चालतात. एकाला प्रेम म्हणजे गुरांचा रोग वाटतो, दुसरा सरळ बोलत विचारतो, सगळे प्रेमावरच का गातात? 'ॲट होम ही इज अ टुरिस्ट'मधला निरोधचा शब्द बदला, असं बीबीसीनं सांगितलं. पोरं न गाताच परत आली.

आणि 'नॉट ग्रेट मेन'. इतिहास काय फक्त थोर पुरुष घडवतात? हा सवाल आपल्याला झोंबला पाहिजे. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब होते, तशी हजारो बिननावाची माणसंही होती. विभूतिपूजा नको, हे १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना खुद्द बाबासाहेबांनीच बजावलं. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे १९४९ साली संविधान सभेत सांगितलं.

आणि आपण? चौदा एप्रिलला डीजे लावतो. त्यात साहेबांचं नाव शंभरदा, आपल्या बुडालेल्या हजेरीचं एकदाही नाही. हे गाणं की नुसता हार?

आता उलटी बाजू. ही रेकॉर्ड काढली ईएमआयनं. त्या कंपनीचा लष्करी इलेक्ट्रॉनिक्सचाही धंदा होता. म्हणजे युद्धावर कोरडे ओढणारं गाणं गेलं त्यांच्याच गल्ल्यात. बाजार आपला रागही विकून खातो, दोस्तांनो. म्हणून गाणं लिहिताना दोन गोष्टी विचारा : ओझं कुणाच्या पाठीवर आहे, आणि पैसा कुणाच्या खिशात जातोय?

त्या चौघांची नक्कल नको. आपल्याकडे हलगी आहे, ढोलकी आहे, भांडायला कारण आहे. हिशोब तेवढा मांडा.

जयभीम.