कोरियातील सणवार

कोरिया हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते लढाईमुळे. १९५० साली तिथे युद्ध पेटले, तेव्हा आपल्या सैन्याचे एक वैद्यकीय पथक जखमींच्या शुश्रूषेसाठी गेले होते. पण नुसत्या लढाईवरून देश कळत नाही. तिथली माणसे सणावाराला काय करतात, ते आज पाहू.

कोरियातले जुने सण आपल्यासारखेच चंद्राच्या तिथीवर चालतात. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधून मधून अधिक महिनाही धरतात. मोठे सण दोन. एक सोल्लाल, म्हणजे नववर्ष. तो आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास येतो. दुसरा चुसोक, म्हणजे सुगीची पौर्णिमा.

सोल्लालच्या सकाळी पुष्कळ घरांत पूर्वजांपुढे पान मांडतात. मग धाकटी माणसे वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून, माथा लववून नमस्कार करतात. याला सेबे म्हणतात. वडील चार शुभ शब्द बोलतात आणि मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. नंतर तोक्कुक. तांदळाच्या पिठाचा लांब रोळा करून त्याच्या पातळ चकत्या सुपात शिजवायच्या. हा वाडगा संपवला की माणूस वर्षाने मोठा झाला, अशी समजूत. जेवणे झाली की युन्नोरी नावाचा खेळ मांडतात. लाकडाच्या चार काड्या उडवायच्या, आणि उताण्या किती, पालथ्या किती, ते पाहून सोंगट्या सरकवायच्या. आपला सारीपाट ज्याला ठाऊक, त्याला हा खेळ शिकवावा लागणार नाही.

पण मंडळी, हा सण सहजासहजी टिकलेला नाही बरे! १८९६ साली कोरियाच्या दरबाराने इंग्रजी कालगणना घेतली. पुढे १९१० पासून १९४५ पर्यंत जपानची सत्ता होती. जपानी अंमलदारांनी एक जानेवारीलाच नववर्ष करा, असा तगादा लावला. स्वातंत्र्यानंतर दक्षिण कोरियाच्या सरकारनेही तेच चालवले. दोनदा नववर्ष कशाला, उगाच दुप्पट खर्च, असे त्यांचे म्हणणे. जुन्या नववर्षाला सुटीच नव्हती. तरी लोक घरी सण करीतच राहिले. अखेर १९८५ साली सरकारने 'लोकपरंपरेचा दिवस' म्हणून एक दिवसाची सुटी दिली, आणि १९८९ साली सोल्लाल हे नाव व तीन दिवसांची सुटी परत आली. जवळजवळ शंभर वर्षे हा सण सरकारच्या मर्जीवाचून चुलीपाशी जगला.

आता चुसोक. हा आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. सणाआधी लोक डोंगरउतारावरच्या पूर्वजांच्या कबरींकडे जातात, पावसाळ्यात माजलेले गवत कापून त्या नीट करतात. सणाला नव्या तांदळाचे सोंगप्योन करतात. पिठाच्या पारीत तीळ किंवा घेवड्याचे सारण भरायचे, अर्धचंद्राचा आकार द्यायचा आणि चीडच्या सुईसारख्या पानांवर वाफवायचे. आकार करंजीचा, रीत मोदकाची म्हणा ना! रात्री नैर्ऋत्येकडच्या किनाऱ्यावर बायका हात धरून, चांदण्यात फेर धरून गातात. पुरुषांची कुस्तीही असते, तिला सिरुम म्हणतात. कमरेला आणि मांडीला बांधलेला पट्टा धरून लढायचे. गुडघ्याच्या वरचे अंग जमिनीला लागले की हरला. पहिल्या नंबराला पूर्वी बैल मिळे.

ही कुस्ती २०१८ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत गेली, आणि तिच्यासाठी उत्तर व दक्षिण कोरिया यांची नावे एकत्र लागली. एरवी हे दोन देश एकत्र येत नाहीत. १९५३ साली लढाई थांबली, पण सीमा बंद झाली. भाऊ इकडे, बहीण तिकडे. सणाला लाखो लोक आपल्या गावी निघतात, रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. पण ज्यांचे गाव उत्तरेत राहिले, त्यांनी जायचे कुठे? सीमेजवळ इम्जिनगाक येथे १९८५ साली त्यांच्यासाठी एक वेदी बांधली. तिथे ही माणसे उत्तरेकडे तोंड करून पूर्वजांना नमस्कार करतात. भेटीसाठी एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. अशा भेटी शेवटच्या झाल्या त्या २०१८ च्या ऑगस्टमध्ये.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पूर्वजांच्या पानासाठी डझनांनी पदार्थ रांधायचे, आणि ते बहुधा सुनांनी. दोन दिवस तळणापुढे बसून त्यांची कंबर मोडे. यावरून कित्येक घरांत कुरबुर होई. २०२२ साली, चुसोकच्या तोंडावर, कन्फ्यूशियसच्या परंपरेतील सुंग्क्यून्ग्वान या मान्यवर संस्थेनेच जाहीर केले की तळलेले पदार्थ मुळीच आवश्यक नाहीत, नऊपर्यंत पदार्थ पुरेत. जुन्या रीतीच्या रखवालदारांनीच रीत हलकी केली, हे आपल्याकडच्या सासूबाईंनीही ऐकून ठेवावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. चुसोक २०२३ साली आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला आला, आणि २०२५ साली कोजागिरीला. असे का झाले, ते मुलांना पंचांग हातात देऊन शोधायला लावा. अधिक महिना त्यांना आपोआप समजेल, आणि आपण कोजागिरीचे दूध आटवतो त्याच चांदण्यात दुसरीकडे कुणी सोंगप्योन वाफवीत असते, हेही कळेल.